बसायला जागा

गेल्या उन्हाळ्यात माझे वडील दादरहून आमच्याकडे न्यू जर्सीत आले. वय अठ्ठ्याहत्तर. दुसऱ्याच दिवशी मी त्यांना घरापासून चालत दहा मिनिटांवर असलेली टाउनशिपची बाग दाखवली. उत्तम राखलेली हिरवळ, सॉकरची दोन मैदाने, डांबरी पायवाट आणि ऐसपैस पार्किंग. आठवडाभर ते रोज जाऊन आले, मग जाईनासे झाले. विचारले तर म्हणाले, "बाग छान आहे रे. पण तिथे माणसं बसतात कुठे?"

मी जाऊन मोजले. बाक चार. चारही सिमेंटात घट्ट रोवलेले, एकावरही सावली नाही, आणि तिघांचे तोंड पार्किंगकडे. मुलांना सॉकरला सोडून मोटारीतच बसून राहणाऱ्या माझ्यासारख्या बापाच्या हे दहा वर्षांत लक्षात आले नव्हते.

बाबांचा प्रश्न हा शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर चाळीस वर्षे बसलेल्या माणसाचा प्रश्न होता. हे मैदान १९२५ मध्ये माहीम पार्क या नावाने खुले झाले; १९२७ मध्ये त्याला महाराजांचे नाव मिळाले. आत क्रिकेट, सभा, मेळावे. पण रोजचे शिवाजी पार्क म्हणजे भोवतीचा कट्टा. भिंत म्हणून अगदीच बुटका, बसायला मात्र नेमका. मैदानाकडे तोंड करा नाहीतर रस्त्याकडे, कोणी अडवत नाही.

कट्टा हा शब्द ठाऊक नसताना त्याचे शास्त्र शोधून काढणारा माणूस न्यूयॉर्कचा. विल्यम व्हाइट. 'द ऑर्गनायझेशन मॅन' या १९५६ च्या गाजलेल्या पुस्तकाचा लेखक. न्यूयॉर्क शहराने १९६१ मध्ये नियम केला, की बिल्डरने इमारतीपुढे एक चौरस फूट जागा लोकांसाठी मोकळी सोडली, तर दाट वस्तीच्या भागात त्याला दहा चौरस फूट जादा बांधकाम मिळेल. बिल्डर खूष झाले. फरसबंद अंगणे भराभर तयार झाली आणि बरीचशी ओस पडली. का, हे शोधायला व्हाइटने १९७० च्या सुमारास तरुण सहकाऱ्यांना घेऊन कॅमेरे लावले आणि माणसे काय करतात हे नुसते पाहत राहिला.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात म्हणतात, वापरणारा काय सांगतो ते ऐका, पण तो काय करतो ते आधी पाहा. लोक सांगत, आम्हाला गर्दीपासून लांब जायचे असते. फिल्ममध्ये तेच लोक गर्दीच्या मधोमध बसलेले. व्हाइटचा मुख्य निष्कर्ष मात्र हसू यावे इतका साधा होता: जिथे बसायला जागा असते तिथे लोक बसतात. एक ते तीन फूट उंचीच्या कशावरही बसतात. १९७५ मध्ये शहराने नियम बदलला आणि दर तीस चौरस फुटांमागे एक फूट लांबीची बैठक सक्तीची केली.

त्याची मोठी परीक्षा झाली ब्रायंट पार्कमध्ये. बेचाळिसाव्या रस्त्यावर, मोठ्या ग्रंथालयाच्या पाठीमागे असलेली ही बाग १९३४ मध्ये नव्याने आखली गेली, ती रस्त्यापेक्षा उंचावर, कुंपण आणि झुडपांच्या आड. हेतू चांगला होता, शहराच्या गोंगाटापासून निवांतपणा मिळावा. पण आतले बाहेर दिसत नाही, हे सर्वांत सोयीचे पडले ते गर्द विकणाऱ्यांना. सत्तरच्या दशकात सामान्य माणूस तिथे जायला धजत नसे. पोलीस वाढवा, हा नेहमीचा उपाय. व्हाइटने सुचवले ते वेगळेच: झुडपे काढा, दारे रुंद करा, आतले रस्त्यावरून दिसू द्या. चांगली माणसे पुरेशी आली की वाईटांना जागा उरत नाही. १९८८ मध्ये बाग बंद केली. लॉरी ओलिन यांच्या आराखड्याप्रमाणे ती बदलून १९९२ मध्ये पुन्हा उघडली, आणि हिरवळीभोवती ठेवल्या सुट्या, हलक्या, घडीच्या खुर्च्या. लोक त्या पळवतील ही भीती फोल ठरली. आज तिथे अशा हजारो खुर्च्या आहेत. (ही बाग एक खासगी संस्था चालवते आणि तिथे हल्ली दुकानदारीही बरीच चालते. ते मला फारसे रुचत नाही, पण स्वच्छतागृहात ताजी फुले ठेवणारी सार्वजनिक बाग मी दुसरी पाहिलेली नाही.)

ऑगस्टमध्ये बाबांना तिथे घेऊन गेलो. त्यांनी खुर्ची उचलली, वीतभर सरकवली, मग बसले. मला हसू आले, कारण व्हाइटने हेच टिपले आहे: गरज नसली तरी माणूस बसण्याआधी खुर्ची जराशी हलवतो. ती हलवता येते, एवढ्यानेच ती त्याची होते. पंधरा मिनिटांनी बाबांनी ती पुन्हा उचलली आणि बुद्धिबळाच्या टेबलापाशी नेऊन ठेवली. समोरच्या म्हाताऱ्याची भाषा यांना येत नव्हती. उंटाची चूक मात्र दोघांनाही कळली. परतीच्या गाडीसाठी मला त्यांना तीनदा हाका माराव्या लागल्या.

आमच्या टाउनशिपने आता बागेच्या नूतनीकरणाचा प्रस्ताव आणला आहे. आराखड्यात पार्किंग वाढले आहे, बाक चारच. पहिल्या सुनावणीत मी दोन मागण्या मांडल्या: मेपल झाडांखाली तीस सुट्या खुर्च्या, आणि खेळाच्या मैदानालगत दीड फूट उंच, रुंद माथ्याची भिंत. खुर्च्या चोरीला गेल्या तर, असे एका सदस्याने विचारलेच. मी म्हटले, पार्किंगच्या एका जागेचा खर्च आणि तीस खुर्च्यांचा खर्च शेजारी शेजारी मांडून पाहा. तो आकडा पुढच्या सुनावणीत येणार आहे. मंडळातल्या ज्यांचे आईवडील उन्हाळ्यात इथे येऊन खिडकीशी बसून राहतात, त्यांनी त्या संध्याकाळी जरूर यावे. बोलायला दर नागरिकाला तीन मिनिटे मिळतात.

बाबांचे तिकीट जूनचे आहे.