जुनं डिस्को परत येतं, तेव्हा नेमकं काय परत येतं?

आज माझ्या आवडत्या लेबलबद्दल बोलू. नाव नया बीट. लॉस एंजेलिसमधलं छोटं, स्वतंत्र लेबल. राघव मणी आणि फिलिप निकोलिक यांनी सुरू केलेलं. दक्षिण आशियाई लोकांनी केलेलं आणि विसरलं गेलेलं डान्स म्युझिक शोधायचं आणि पुन्हा प्रकाशित करायचं, हे त्यांचं काम.

२०२१ मध्ये त्यांचा पहिला संग्रह आला, १९८३ ते १९९२ मधल्या गाण्यांचा. मग मुंबईत जन्मलेल्या आशा पुथलींच्या गाण्यांचे रिमिक्स आले. २०२५ मध्ये आला मोहिंदर कौर भामरा यांचा ‘पंजाबी डिस्को’. मूळ रेकॉर्ड १९८२ ची, लंडनची. आईचा आवाज, आणि संगीत मुलाचं, कुलजित भामरा यांचं. पंजाबी गाणं, खाली सिंथेसायझर आणि ड्रम मशीन. ऐकाच!

त्याच वर्षी मुंबईत चरणजित सिंग यांनी दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. एचएमव्हीने रेकॉर्ड काढली, पण ती फारशी कुणी घेतली नाही. त्यात रोलँडचं टीबी-३०३ हे यंत्र होतं. त्याच यंत्राच्या आवाजावर पुढे शिकागोत ॲसिड हाउस उभं राहिलं. तिथली ‘ॲसिड ट्रॅक्स’ १९८७ ची. चरणजितजींची रेकॉर्ड जगाने खऱ्या अर्थाने ऐकली ती २०१० मध्ये, बॉम्बे कनेक्शन या छोट्या डच लेबलने ती पुन्हा काढली तेव्हा.

आता हे होतं कसं? तीन पायऱ्या आहेत.

पहिली, हक्क. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो. म्हणजे १९८२ ची रेकॉर्ड २०४२ संपेपर्यंत कुणाच्या तरी मालकीची आहे. ते ‘कुणीतरी’ शोधायचं, करार करायचा.

दुसरी, टेप. जुन्या स्टुडिओ टेपवरचा चिकट थर ओल धरतो आणि मशीनला चिकटायला लागतो. म्हणून अशी टेप साधारण ५०-५५ अंशांवर काही तास चक्क भाजतात, मग वाजवून कॉम्प्युटरवर घेतात. आवाज, ढोलकी, बेस वेगवेगळ्या ट्रॅकवर मिळाले तर डीजेसाठी लांब व्हर्जनही करता येतं.

तिसरी पायरी माझ्या धंद्यातली: डेटा. प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी नावाचा १२ अक्षरी कोड देतात. त्याच्याशी गायक, संगीतकार, गीतकार जोडले जातात. स्ट्रीमिंगचे पैसे याच वाटेने फिरतात. फील्ड रिकामं, तर वाटा अडकतो. २०१२ च्या दुरुस्तीने कायद्यात गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला हक्क पक्का केलाय, पण नावच नसेल तर पैसे द्यायचे कुणाला?

आणि इथे आपला विषय येतो. आपल्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमध्ये, कितीतरी घरांत लोकगीतांच्या, कोळीगीतांच्या, भीमगीतांच्या कॅसेट अजून माळ्यावर आहेत. वरातीत नाचवणारी गाणी तीच. त्यांची एमपीथ्री झाली तेव्हा आवाज आला, पण कॅसेटच्या आतला कागद मागेच राहिला. उरलं काय, तर ‘नॉनस्टॉप ट्रॅक ७’. गाणं कुणी लिहिलं, ढोलकीवर कोण, काही नाही. डीजेच्या भिंतीवर गाणं हजार लोकांना नाचवतं आणि ढोलकीवाल्याच्या नातवालाही माहीत नसतं की हात आजोबांचा आहे.

त्यामुळे मला ही लेबलं आवडतात ती फक्त ठेक्यासाठी नाही. गाण्यासोबत ती माणसांची नावं परत आणतात. अजून काही वर्षांनी ती सांगणारी पिढी नसेल.

म्हणून एक काम सांगतो. रविवारी माळ्यावर चढा. कॅसेट लगेच वाजवू नका, बुरशी असेल तर टेप खराब होईल. आधी आतल्या कागदाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा, आणि घरातल्या मोठ्यांना विचारा, ‘हे कोण गातंय?’ मिळालेली नावं फोटोसोबत लिहून ठेवा.

भेटू पुढच्या भागात!