दोन स्मृतींचा संसार

तंबोऱ्याची जवारी लावणाऱ्या एखाद्या कसलेल्या कारागिराला ज्यांनी जवळून पाहिले असेल, त्यांना ठाऊक असेल की घोडीवर तारेखाली अडकवलेला सुताचा बारीक धागा केसभर पुढे-मागे सरकवला की तोच षड्ज एकदा कोरडा आणि एकदा भरलेला ऐकू येतो. तारेचा ताण तोच असतो, स्वराची उंची तीच असते, बदललेला असतो तो केवळ त्या स्वराच्या पोटातील उपस्वरांचा परस्परांशी असलेला हिशेब. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडून बसलेल्या ज्या जड, तापट, लोखंडी पेट्या आहेत, त्यांचे काम पुष्कळसे या धाग्याच्या जातीचे आहे. व्हॉल्व्हमधून वाहणारा विद्युत्प्रवाह आणि ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडी गाभ्यात उठणारे चुंबकत्व ही दोन्ही मूळ ध्वनीत अल्पस्वल्प उपस्वर मिसळतात, आणि गाणाऱ्याचा आवाज त्यामुळे कानाच्या अधिक जवळ आल्याचा प्रत्यय येतो.

कॅलिफोर्नियातील डिजिडिझाइन या कंपनीने १९८९ साली ‘साउंड टूल्स’ आणि १९९१ साली ‘प्रो टूल्स’ बाजारात आणले, तेव्हापासून ध्वनिमुद्रणाचे सारे दप्तर क्रमाक्रमाने संगणकाच्या स्वाधीन होत गेले, आणि पुढे या जुन्या पेट्यांच्या सॉफ्टवेअरमधील प्रतिकृतीही निघाल्या. त्या प्रतिकृती हलक्या प्रतीच्या आहेत असे म्हणणे अन्यायाचे होईल. कित्येक इतक्या उत्तम आहेत की मुरलेला कानही फसावा. तथापि पेट्या अडगळीत गेल्या नाहीत. त्याचे कारण समजून घ्यायचे तर त्यांतील एक उघडून पाहणे इष्ट.

जिम लॉरेन्स या अमेरिकी अभियंत्याने १९६० च्या दशकात सिद्ध केलेला ‘एलए-टूए’ हा कंप्रेसर घ्या. गायक मोठ्याने गायला की आवाज आपोआप आवरणे आणि हळू गायला की मोकळा सोडणे, एवढेच त्याचे काम. दर्शनी भागावर मुख्य बटणे दोनच, एक किती दाबायचे ते सांगणारे आणि दुसरे अखेरीस किती वाढवायचे ते सांगणारे. परंतु आतील योजना विलक्षण सुंदर आहे. येणाऱ्या ध्वनीच्या जोरानुसार एक लहानशी प्रकाशपट्टी उजळते, तिच्यासमोर बसवलेल्या प्रकाशसंवेदी रोधकाचा रोध त्या उजेडाने उतरतो, आणि त्याच्या वाटेने ध्वनीचा काही अंश जमिनीकडे वळवला जाऊन उरलेला आवाज नेमस्त होतो. खरी मौज पुढेच आहे. ध्वनी ओसरला, पट्टी विझली, तरी तो रोधक झालेला उजेड लगेच विसरत नाही. त्याची पकड अर्धीअधिक सुमारे ६० मिलिसेकंदांत सुटते, पण उरलेली सुटायला एकापासून पंधरा सेकंदांपर्यंत वेळ लागतो, आणि तो किती लागावा हे आधी किती उजेड किती वेळ पडला होता यावर ठरते. म्हणजे या द्रव्याला स्मृती आहे. मागच्या ओळीत गायकाने किती जोर लावला होता, हे पुढच्या ओळीच्या वेळी त्याच्या ध्यानात असते. मला ही गोष्ट प्रथम कळली तेव्हा या निर्जीव वस्तूविषयी जो आदर वाटला तो अद्याप उणावलेला नाही.

मात्र दुसऱ्या एका स्मृतीच्या बाबतीत ही पेटी अगदीच दरिद्री. काल दुपारी तिची बटणे कोणत्या आकड्यावर होती, हे ती सांगू शकत नाही. एका गीताचे काम संपवून दुसरे हाती घेतले की बटणे फिरायची, आणि आठ दिवसांनी संगीतकार म्हणाला की ‘पहिल्या गीतात आवाज थोडा पुढे हवा होता’, तर प्रत्येक पेटीचे प्रत्येक बटण जुन्या जागी आणण्याचा खटाटोप नशिबी यायचा. साहाय्यकांनी छापील तक्त्यांवर पेन्सिलीने काटे रेखून ठेवायचे आणि पुढे त्या नोंदींची एकेक करून रुजवात घालायची, असा रिवाज होता. तक्ता हरवला म्हणजे पुनर्विचाराचा मार्गच खुंटला. आणि कलेत पुनर्विचाराची सोय नसणे ही मला फार मोठी हानी वाटते.

या अडचणीवर उपाय शोधताना मिश्रणाच्या मोठ्या मेजांनी प्रथम संगणकाची मदत घेतली. ब्रिटनच्या नीव्ह कंपनीने १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘नेकॅम’ ही पद्धती आणली, तीत आवाजाच्या सरकपट्ट्या, म्हणजे फेडर, मोटारींच्या योगे स्वतः हलत. त्यानंतर सॉलिड स्टेट लॉजिक या कंपनीने ‘टोटल रिकॉल’ आणले. त्यात संगणक प्रत्येक बटणाची जागा टिपून ठेवी आणि पडद्यावर दाखवी, पण बटण फिरवायचे माणसानेच. कारकुनाने जुना दाखला काढून समोर धरावा आणि अंमलबजावणी दुसऱ्या कोणी करावी, अशी ती व्यवस्था होती.

आज जी नवी पेटी निघते तिच्यात कारकुनाला अंमलाचाही अधिकार मिळाला आहे. येथे एक भेद नीट ध्यानात घ्यावा, कारण सर्वसामान्य वाचकाचा घोटाळा येथेच होतो: पेटीच्या आत ध्वनीची वाट आणि हुकमाची वाट निरनिराळ्या असतात. ध्वनी तांब्याच्या तारेतून, व्हॉल्व्हमधून, लोखंडातून सलग वाहतो, त्याचे तेथे आकड्यांत रूपांतर होत नाही. संगणकाकडून दुसऱ्या तारेने येतो तो केवळ हुकूम, की अमुक बटण अमुक ठिकाणी न्या. बर्लिनच्या टेगेलर कंपनीच्या ‘श्वेरक्राफ्टमाशीने’ या कंप्रेसरमध्ये, ज्याच्या नावाचा अर्थच गुरुत्वाकर्षणयंत्र असा आहे, बटणांना मोटारी जोडलेल्या आहेत. पडद्यावरील चित्रातले बटण सरकवले की खोलीतील खरे बटण आपोआप फिरते, आणि खरे फिरवले तर चित्रातले त्याच्या मागोमाग जाते.

दुसरा मार्ग मोटारीवाचून चालतो, आणि तो समजायला आपल्या जुन्या वजनांचा दाखला पुरेसा आहे. छटाक, अदपाव, पावशेर, अच्छेर आणि शेर ही वजने एकमेकांच्या दुप्पट असल्यामुळे पाचच मापांत वाणी एका छटाकापासून एकतीस छटाकांपर्यंत कोणतेही वजन तोलू शके. पेटीतही तसेच. आवाज अर्धा, एक, दोन, चार, आठ आणि सोळा डेसिबलने कमी करणारे सहा रोधकसंच मांडायचे आणि प्रत्येकापुढे रिले नावाचा विद्युत्‌चुंबकाने उघडझाप करणारा लहानसा दरवाजा बसवायचा. कोणते दरवाजे उघडे आणि कोणते बंद, एवढे संगणकाने सांगितले की शून्यापासून साडेएकतीस डेसिबलपर्यंतच्या चौसष्ट पायऱ्यांपैकी हवी ती मिळते, आणि महिन्याभराने पुन्हा मागितली तर नेमकी तीच मिळते. वाजत्या गाण्यात पायरी बदलली तर बारीकसा टकटक आवाज उठण्याचा धोका असतो. तो टाळण्याचे कसब हीच या कारागिरीची परीक्षा. शिवाय संगणकाच्या तारेतून येणारा विद्युत्‌गोंगाट ध्वनीच्या वाटेत शिरू नये म्हणून पुष्कळदा दोहोंच्या मध्ये प्रकाशाचा दूत ठेवतात: एका बाजूने दिवा लुकलुकतो, दुसऱ्या बाजूने संवेदक तो वाचतो, आणि तार मात्र जोडलेली नसते.

राहता राहिला प्रवासाचा प्रश्न. संगणकातील गाणे पेटीपर्यंत न्यायचे तर आकड्यांचा प्रवाह आधी विद्युल्लहरीत उलगडावा लागतो आणि परतताना पुन्हा आकड्यांत बांधावा लागतो. सेकंदाला ४८,००० वेळा मोजमाप, आणि २४ बिटांच्या मापपट्टीवर प्रत्येक मोजमापाला सुमारे १ कोटी ६७ लाख पायऱ्या. या जाण्यायेण्यात काही मिलिसेकंद मोडतात. दहा मिलिसेकंद म्हणजे ध्वनीने हवेत साधारण साडेतीन मीटर चालण्याइतका काळ, ऐकताना जाणवणारही नाही. पण पेटीतून आलेला आवाज त्याच्याच मूळ आवाजात मिसळला, तर तेवढ्या विलंबाने ५०, १५०, २५० हर्ट्झ अशा कंप्रतांवर दोघे एकमेकांना खाऊन टाकतात आणि स्वर पोकळ होतो. म्हणून सॉफ्टवेअर आधी एक टिचकी पाठवते, ती परत यायला किती वेळ लागला ते मोजते, आणि त्या हिशेबाने सर्व वाटा एका रेषेत आणते. ज्याने हे मोजमाप आळसाने टाळले, त्याने पेटीवर खर्चिलेले द्रव्य वाया घालवले असे मी स्पष्ट म्हणेन.

पेटीची आणखी एक मर्यादा उरतेच. सॉफ्टवेअरची प्रतिकृती एकाच वेळी वीस ठिकाणी उघडता येते, खरी पेटी एका वेळी एका किंवा दोन वाटांनाच पुरते, आणि चार मिनिटांचे गीत तिच्यातून काढायला चार मिनिटे लागतातच. अमेरिकेच्या मॅकडीएसपी कंपनीच्या ‘एपीबी-१६’ मध्ये सोळा वाटा एकाच पेटीत आल्या, आणि संगणकातील निरनिराळी प्लग-इन, म्हणजे जोड-सॉफ्टवेअर, निवडून तेच विद्युन्मंडल निरनिराळ्या कामांस जुंपण्याची सोय झाली. ‘ॲक्सेस ॲनालॉग’ या कंपनीने तर अस्सल जुन्या यंत्रांच्या बटणांवर मोटारी बसवून ती इंटरनेटवरून भाड्याने फिरवायला दिली. ज्याला असे यंत्र विकत घेण्याची ऐपत कधी येणार नाही, त्यालाही घरी बसून आपले गाणे त्यातून काढता येते, ही मला मोठ्या आनंदाची घटना वाटते.

तरीही जतन होतो तो आकडा. ध्वनी तंतोतंत जतन होतोच असे नाही. व्हॉल्व्ह तापायला वेळ लागतो, वर्षानुवर्षांच्या वापराने तो झिजतो, प्रकाशपट्टीचे तेज हळूहळू मंदावते. त्यामुळे पाच वर्षांपूर्वीच्या बारनिशीत टिपलेल्या चाळीस या आकड्यावर बटण बिनचूक परतले, तरी त्या आकड्यामागचे द्रव्य तेच राहिलेले नसते. म्हणून जाणते ध्वनिमुद्रक काम सुरू करण्यापूर्वी पेटी बराच वेळ तापू देतात, आणि गीत पुरे झाले की बटणांच्या नोंदीबरोबर पेटीतून बाहेर पडलेला आवाजही स्वतंत्र मुद्रित करून त्याच दप्तरात शेजारी ठेवतात.