ट्राऊटने घेतली माझी शाळा!

मुलांनो, मासे पकडायला गेलेल्या माणसांच्या गोष्टी तुम्ही ऐकल्याच असतील. त्या गोष्टींतला मासा दर वेळी सांगताना वीतभर लांब होत जातो! आजची माझी गोष्ट मात्र तशी नाही. हिच्यातला मासा काही वाढायचा नाही, कारण मुळात तो मिळालेलाच नाही. पण त्या न मिळालेल्या माशाने मला जे शिकवलं, ते डी.एड.च्या पुस्तकात वाचूनही माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं.

मी चौथीच्या वर्गाला शिकवते. आमचं गाव कृष्णाकाठचं. लहानपणी भावांबरोबर मीही गळ टाकून बसायची. बांबूची काठी, तंगूस, मोरपिसाच्या दांडीचा तरंगता तुकडा आणि आमिषाला गांडूळ नाहीतर कणकेची गोळी. मोरपीस बुडालं की ओढायचं. झालं! म्हणून ऑगस्ट २०२३ मध्ये रजा घेऊन काही मैत्रिणींबरोबर काश्मीरला निघाले, तेव्हा वर्गात मोठ्या ऐटीत सांगितलं, "तिथल्या तळ्यात ट्राऊट नावाचा मासा असतो. मी तो पकडणार आणि त्याचा फोटो तुम्हांला दाखवणार."

"एक की दोन, बाई?" मागून कोणीतरी विचारलं.

"दोन!" मी म्हटलं.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट घडली. वर्गातल्या एका मुलाचा भागाकार तिसऱ्यांदा चुकला. मला घाई होती. मी वही त्याच्यापुढे टाकली आणि म्हटलं, "अरे, इतकं सोपं आहे! कसं येत नाही तुला?" तो काहीच बोलला नाही. खाली मान घालून खोडरबराशी चाळा करत राहिला.

दोन कळसूबाईंपेक्षाही उंच तळं

आम्ही गेलो ते तळं म्हणजे गंगाबल. श्रीनगरहून गाडीने नारानागला जायचं. तिथे दगडी देवळांचे जुने अवशेष आहेत. ते बघून झाले की देवदार आणि पाइनच्या जंगलातून दम काढणारी चढण लागते. झाडं संपतात, गवताळ कुरणं सुरू होतात आणि समोर हरमुख पर्वत उभा राहतो. त्याची उंची ५,१४२ मीटर. त्याच्याच पायथ्याशी, साडेतीन हजार मीटरपेक्षाही जास्त उंचीवर हे तळं पसरलं आहे. आपलं कळसूबाई शिखर १,६४६ मीटर. दोन कळसूबाई एकावर एक ठेवले तरी गंगाबलपर्यंत हात पोचणार नाही!

तळ्यात हिमनद्यांचं आणि वितळलेल्या बर्फाचं पाणी येतं. ते पुढे शेजारच्या नुंदकोल तळ्यातून, वांगथ नाल्यातून सिंध नदीत जातं. भूगोलाच्या पेपरात गोंधळू नका हं! ही सिंध म्हणजे सिंधू नव्हे. ही काश्मीरमधली वेगळी, लहान नदी आहे आणि ती झेलमला मिळते.

गंमत म्हणजे इथला तपकिरी ट्राऊट मूळचा इथला नाहीच. तो युरोपातला. आपल्याकडे इंग्रजांचं राज्य होतं तेव्हा त्यांतल्या काही हौशी मंडळींना गळ टाकायला आपल्या देशातला मासा हवा होता. १८९९ मध्ये बोटीने ट्राऊटची अंडी मागवली, ती वाटेतच मेली. मग १९०० मध्ये दुसरी खेप आली, ती जगली. श्रीनगरजवळ हारवनला ते मासे वाढवले आणि हळूहळू काश्मीरच्या नद्या-तळ्यांत सोडले. पहिली खेप फुकट गेली म्हणून ती माणसं थांबली नाहीत, हे तेवढं लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडणार आहे!

खोटी माशी, खरी पंचाईत

ट्राऊट पकडायला गांडूळ नव्हतं. मत्स्य खात्याचा परवाना काढून, फक्त 'फ्लाय'नेच मासा धरायचा होता. फ्लाय म्हणजे माशी, पण खोटी. छोट्याशा हुकावर पीस, लोकर आणि रेशमाचा दोरा गुंडाळून ती बनवतात. आमच्याबरोबर एक वयस्कर काश्मिरी गृहस्थ होते. सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांचा सारा जन्म मासेमारीच्या हौशी लोकांना वाट दाखवण्यात गेलेला. त्यांनी डबी उघडली, तर आत शंभरेक माश्या ओळीने टोचून ठेवलेल्या! एकीचं अंग चमकत होतं. पाहिलं तर मोरपिसाचा तंतू! मला एकदम कृष्णाकाठ आठवला.

पण इथेच पहिली अडचण आली. खोट्या माशीला वजन असतं कुठे? पीस कितीही जोराने फेकलं तरी ते पायाशीच पडणार. म्हणून या प्रकारात माशी फेकत नाहीत, दोरी फेकतात. दोरी जाड आणि वजनदार असते. लवचीक काठीने ती आधी मागे उडवायची, पाठीमागे ती सरळ होईपर्यंत क्षणभर थांबायचं आणि मग पुढे सोडायची. दोरीच्या टोकाला बारीक, पाण्यात न दिसणारं तंगूस आणि त्याच्या टोकाला माशी. दोरी निघाली की माशी तिच्या मागून आपोआप जाते.

चाचांनी एकदा करून दाखवलं. काठी घड्याळातल्या दहावरून एकवर गेली, थांबली, पुन्हा दहावर आली. दोरी हवेत गोल उलगडत गेली आणि पन्नास-साठ फुटांवर माशी अशी उतरली, जशी खरीच बसली असावी.

"सोपं दिसतंय," मी म्हटलं.

चाचा नुसतेच हसले.

सकाळ: गवत, टोपी आणि मी

माझी पहिली फेक मागच्या गवतात अडकली. दुसरी माझ्याच टोपीत. तिसऱ्या वेळी दोरी पुढे गेली खरी, पण गुंतवळ होऊन पाण्यावर पडली. धप्प! कडेच्या उथळ पाण्यातल्या दोन सावल्या क्षणात नाहीशा झाल्या.

"वो गए," चाचा शांतपणे म्हणाले.

कुरणावर मेंढ्या चारणाऱ्या बकरवाल कुटुंबातली तीन मुलं येऊन दगडावर बसली होती. माझी दोरी गुंतली की ती खुदुखुदु हसत. तुम्हीच सांगा, शिक्षिकेला असं पोरांनी हसलेलं चालेल का?

मी आणखी जोर लावला. जोर लावला की आणखी गुंता! तंगुसाला इतक्या बारीक गाठी बसल्या की सोडवता सोडवता बोटं बधिर झाली. पाणी तर इतकं थंड, की हात बुडवला की हाडापर्यंत कळ जायची. चाचा एकच वाक्य परत परत सांगत होते, "बेटी, दोरी को साँस लेने दो." म्हणजे मागे गेल्यावर थांब, घाई करू नकोस. मला ते ऐकू येत होतं, समजतही होतं. पण हात काही ऐकत नव्हता. "समजलं" आणि "जमलं" यांच्यामध्ये एवढं मोठं तळं असतं, हे मला तेव्हा कळलं.

दुपार: मासे आहेत, पण खात नाहीत

अकराच्या सुमारास फेक थोडी जमू लागली. आणि काय आश्चर्य! तळ्यात जागोजागी वर्तुळं उठायला लागली. मासे वर येऊन खात होते. मी माशी टाकली. वर्तुळ तिच्या डावीकडे उठलं, उजवीकडे उठलं, पण माझ्या माशीला कोणी विचारलं नाही. मी माशी बदलली. 'मार्च ब्राऊन' लावून पाहिली, मग मोरपिसाची 'कोचमन', मग त्याहून मोठी, त्याहून चमकदार. तासभर हेच चाललं. शेवटी काठी गवतावर टाकून मी म्हटलं, "इतकी छान माशी देतेय. यांना कशी नको?"

चाचांनी उत्तर दिलं नाही. कडेला बसून त्यांनी आपला पांढरा रुमाल पाण्यात पसरला, हळूच उचलला आणि माझ्यापुढे धरला. रुमालावर तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढे काळपट किडे वळवळत होते. चिलटासारख्या माशीचे ते कोश. तळाच्या गाळातून ते वर येतात आणि पाण्याच्या पृष्ठभागाशी क्षणभर अडकतात. ट्राऊट तेच टिपत होते. पाण्याच्या वर नव्हे, पृष्ठभागाच्या जरासं खाली! म्हणून तोंड न दिसता फक्त पाठीचा पर दिसत होता. मी मात्र वर तरंगणाऱ्या मोठमोठ्या माश्या टाकत बसले होते.

"वो क्या खाते हैं, पहले ये देखो," चाचा म्हणाले. "फिर डबी खोलो."

दुसरी गोष्ट त्यांनी दाखवली ती माझी सावली. ऊन माझ्या पाठीवर होतं आणि सावली थेट पाण्यात पडत होती. ट्राऊटची नजर फार तीक्ष्ण. तेव्हा ऊन अंगावर घेता येईल अशी काठाची जागा शोधून मी गुडघ्यांवर बसले. एक बारीक, काळी, बुडणारी माशी बांधली. बांधायलाच दहा मिनिटं लागली. फेकली. थांबले. दोरी सावकाश, अगदी सावकाश ओढू लागले.

आणि दोरी थरथरली!

मुलांनो, त्या क्षणी माझ्या अंगात कृष्णाकाठची ती मुलगी संचारली. मोरपीस बुडालं की ओढायचं! मी जिवाच्या आकांताने काठी खेचली. पाण्यात तांबूस ठिपक्यांचं काहीतरी सोनेरी चमकलं आणि फट्! तंगूस तुटलं. मासा गेला, माशीही गेली. नुसती काठी हलकेच उचलायची होती.

मला रडूच आलं. खरंच आलं. माशापेक्षा मला त्या हुकाची काळजी वाटली. तेव्हा चाचांनी सांगितलं, की हुकाचा उलटा काटा त्यांनी आधीच पक्कडीने दाबून टाकला होता. असा हूक माशाच्या तोंडातून लवकर निघून जातो.

थोड्याच वेळात हरमुखवरून ढग उतरले, वारा सुटला, गारा पडू लागल्या. दिवस संपला. मासे मिळाले शून्य!

बिनहुकाची दोरी

तंबूत चहा पिताना मी म्हटलं, "चाचा, मला हे कधीच जमणार नाही." ते म्हणाले, त्यांच्या वडिलांनी पहिल्या वर्षी त्यांच्या दोरीला हूकच बांधला नव्हता. टोकाला लोकरीचा पुंजका आणि समोर कुरण. वर्षभर गवतावरच दोरी टाकायची. मासा चुकण्याची भीतीच नाही, त्यामुळे हात मोकळा झाला. मग ते म्हणाले, "आज मैंने ही गलती की. तुम्हें सीधे पानी पर ले गया."

मी सकाळपासून शंभर चुका केल्या होत्या. आणि हा माणूस चूक आपली आहे म्हणत होता! मला एकदम ती वही आठवली, जी मी पुढ्यात टाकली होती. "इतकं सोपं आहे! कसं येत नाही तुला?" दिवसभरात चाचांनी हे वाक्य मला एकदाही ऐकवलं नव्हतं.

परत आल्यावर वर्गात पहिला प्रश्न आला, "बाई, फोटो?" मी फळ्यावर मोठं शून्य काढलं आणि सगळी गोष्ट सांगितली. टोपीत अडकलेली माशीही सांगितली. वर्ग पोट धरधरून हसला.

मधल्या सुट्टीत त्या मुलाला जवळ बोलावलं. पाटी दिली. "गुण नाहीत, लाल खूण नाही. फक्त मला करून दाखव," म्हटलं. गणित होतं ६१८ भागिले ६. त्याने सहा एके सहा केलं. मग १ खाली घेतला. सहाचा भाग एकला जाईना, म्हणून लगेच ८ खाली घेऊन साहित्रिक अठरा केलं आणि उत्तर लिहिलं १३. पाढे अगदी चोख! एवढे दिवस मी त्याच्याकडून पाढेच घोकून घेत होते. अडलं होतं ते शून्यापाशी. भाग जात नाही तिथे शून्य लिहायचं, हे त्याला उमगलंच नव्हतं. मी रुमाल पाण्यात पसरलाच नव्हता ना!

आम्ही चिंचोके घेऊन बसलो. शंभराची पुरचुंडी, दहाची पुरचुंडी, सुटे. सहा जणांत वाटताना एकुलती एक दहाची पुरचुंडी कोणाच्याच वाट्याला येईना. तो थांबला, विचार करू लागला. मला सांगायची घाई झाली होती. पण मी दोरीला श्वास घेऊ दिला.

"बाई," तो म्हणाला, "म्हणजे दहाच्या घरात कोणालाच काही नाही. तिथे शून्य! एकशे तीन!"

मुलांनो, गंगाबलचा ट्राऊट अजून माझ्या हाती लागलेला नाही. सध्या मी रविवारी शाळेच्या मैदानावर दोरीला लोकरीचा पुंजका बांधून सराव करते. आणि कोणाची दोरी जास्त सरळ पडते, हे सांगायला तो मुलगा शेजारी उभा असतो.

करून पाहा

कापसाचा लहान बोळा हातात घेऊन जोराने फेका. किती लांब गेला ते मोजा. आता तोच बोळा दहा-बारा फूट सुती दोरीच्या टोकाला बांधा. दुसरं टोक हातात धरून दोरी पाठीमागे सरळ पसरा आणि एका झटक्यात पुढे सोडा. बोळा आता किती लांब जातो? वजन दोरीत आहे, बोळ्यात नाही, हे लगेच कळेल. मात्र टोकाला हूक, खडा किंवा टोकदार काहीही बांधू नका, आणि मागे कोणी उभं नाही ना, हे आधी पाहा!