वनौषधी वेचणारे हात आणि भ्रमणध्वनी

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पहिल्याच अध्यायात आचार्यांनी एक मार्मिक गोष्ट नमूद केली आहे. वनस्पतींची नावे आणि रूपे रानात शेळ्या, मेंढ्या व गुरे राखणारे आणि वनात राहणारे लोक जाणतात. त्यांची योजना जाणणारा तो वैद्य. यातील योजनेचे ज्ञान आपण वैद्यवर्गाने निष्ठेने जपले. नावे-रूपे जाणणाऱ्यांची आपण किती दखल घेतली, हा प्रश्न मात्र आपणच आपल्याला विचारला पाहिजे.

शिरूर तालुक्यातील निमोण्यासारख्या पर्जन्यछायेतील गावाचे उदाहरण घेऊ. पाऊस बेताचा असला, तरी अशा गावांच्या बांधांवर व पडीक रानांत सराटा, आघाडा, पुनर्नवा, रुई, तरवड आणि कडुनिंबावर चढलेली गुळवेल आढळते. ती नेमकी कोठे सापडेल, हे मेंढपाळास आणि शेतमजूर स्त्रीस ठाऊक असते. परंतु वेचलेला माल व्यापाऱ्यामार्फत आपल्या औषधालयात येईपर्यंत वेचणाऱ्याचे नाव, गावाचे नाव आणि वेचल्याचा दिवस हे सर्व गळून पडते. आपल्या हाती उरते ते केवळ पोते.

आपल्या ग्रंथांच्या बाबतीत संगणकाने मोठे काम केले आहे. जखमेवर हळद वापरण्यासंबंधी १९९५ साली अमेरिकेत दिले गेलेले एकस्व डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने आव्हान दिल्यावर १९९७ साली रद्द झाले. पुढे २००१ साली पारंपरिक ज्ञानाच्या अंकीय ग्रंथालयाचे काम सुरू झाले. ग्रंथोक्त योग परदेशी एकस्व-परीक्षकांना त्यांच्या भाषांत वाचता येऊ लागले. पोथीतील ज्ञानाला असे कवच लाभले. बांधावरच्या ज्ञानाला ते अद्याप पुरेसे लाभलेले नाही.

याची किंमत वेचणाऱ्यांप्रमाणेच आपणही मोजतो. गुळवेलीच्या सेवनानंतर यकृतास इजा झाल्याच्या रुग्णांची चर्चा २०२१ साली मुंबईतून सुरू झाली. आयुष मंत्रालयाने २०२२ साली साम्य असलेल्या दुसऱ्या जातीकडे लक्ष वेधले. गुळवेलीचे खोड हिरवट असून त्यावर गाठी नसतात. त्या दुसऱ्या जातीचे खोड करडे, गाठाळ आणि दुधाळ स्राव असलेले असते. इजेच्या कारणाविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. परंतु ‘ही वेल कोणी, कोठून तोडली?’ या प्रश्नास उत्तर नसेल, तर आयुर्वेदाची बाजू मांडणार तरी कशाच्या आधारे?

मार्ग अशक्य नाही. ठाणे जिल्ह्यातील शहापूर येथील कातकरी तरुणांनी वनधन योजनेच्या साहाय्याने संघटित होऊन गुळवेल गोळा केली, तिच्या विक्रीसाठी संकेतस्थळाचाही उपयोग केला आणि मोठ्या औषध कंपन्यांशी थेट व्यवहार केला. स्थानिक बाजारात कच्ची वेल विकणाऱ्यांना संघटनेमुळे दूरचा ग्राहक मिळाला. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाचे ‘ई-चरक’ हे व्यासपीठही उत्पादक आणि खरेदीदार यांना जोडण्यासाठीच आहे.

आमच्या मते शिरूर-दौंडच्या पट्ट्यात याहून लहान प्रमाणावर आरंभ करता येईल. बचत गटातील एखाद्या भगिनीने वेल तोडण्यापूर्वी भ्रमणध्वनीवर खोडाचे, पानाचे व आधारवृक्षाचे छायाचित्र घ्यावे. गाव, दिनांक आणि वजन नोंदवावे. वैद्याने छायाचित्र व नमुना पाहून ओळख पक्की करावी. औषधालयाने तीच नोंद आपल्या घाण्याच्या क्रमांकाशी जोडावी आणि मूल्य थेट तिच्या खात्यात जमा करावे. ओळखीची शुद्धता आपल्याला आणि दर तिला, असा हा सरळ व्यवहार आहे.

काही पथ्ये मात्र पाळावीत. नोंद वेचणाऱ्यांच्या संमतीने व मराठीत व्हावी. दुर्मीळ वनस्पतींची ठिकाणे जाहीर करू नयेत, अन्यथा नोंदच लुटीचा नकाशा ठरेल. भ्रमणध्वनी घरातील पुरुषाच्या खिशात आणि कष्ट स्त्रीचे, असे होता कामा नये. या नोंदींवर अधिकार गावाचा राहावा. जैविक विविधता कायदा, २००२ नुसार स्थापन होणारी स्थानिक व्यवस्थापन समिती आणि तिची लोकजैवविविधता नोंदवही त्यासाठी योग्य जागा होय.

याच कायद्यात २०२३ साली सुधारणा झाली. उपजीविकेसाठी व्यवसाय करणाऱ्या नोंदणीकृत आयुष वैद्यांना जैवविविधता मंडळास पूर्वसूचना देण्यातून सूट आहे, तर ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञानाच्या वापरास लाभवाटपाच्या तरतुदींतूनही सवलत मिळाली आहे. कायद्याने आपल्यावरील भार हलका केला. ऋण मात्र फिटलेले नाही. आचार्यांनी ज्यांचा उल्लेख ग्रंथारंभीच केला, त्यांची नावे आपल्या खरेदीवहीत तरी असावीत. पुढील खेपेस गुळवेलीचे पोते उघडताना प्रत्येक वैद्यबंधू-भगिनीने आणि औषधालय-चालकाने एवढेच विचारावे: ही कोणी वेचली, आणि तिला काय मिळाले?