अळी नसलेली कीड

‘दाढ किडली’ हा आपला शब्दप्रयोगच फसवा आहे. कीड म्हटली की अळी आली, आणि अळी आली की ती काढणारा आला. आठवडी बाजारात असा माणूस बसायचा. रिंगणीचं बी निखाऱ्यावर टाकून नळीतून धुरी द्यायचा आणि मग पाण्याच्या वाडग्यात तरंगणाऱ्या बारीक पांढऱ्या अळ्या दाखवायचा. त्या बियांतल्याच! तापून बी तडकलं की आतला अंकुर बाहेर पडतो, आणि दाढेने हैराण झालेल्या माणसाला तो अळी वाटतो.

पियेर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ सालच्या ग्रंथात हा किडा नाकारला होता. खरा गुन्हेगार हाती लागायला मात्र १८९० साल उजाडलं. बर्लिनमध्ये काम करणाऱ्या मिलर या अमेरिकन दंतवैद्याने मांडलं, की तोंडातले जिवाणू साखर आणि पिष्ट आंबवून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात विरघळवतं. तोंडाचा सामू साधारण ५.५ च्या खाली गेला की दातावरचं एनॅमल, शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ, खनिजं सोडू लागतं. अर्ध्या-एक तासात लाळ ते आम्ल निवळवते आणि गेलेली खनिजं थोडीफार परत बसवते.

म्हणून ‘गोड खाल्लं की दात किडतात’ हे अर्धंच खरं. किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं, ते बघायला हवं. पंगतीत चार पुरणपोळ्या चापणाऱ्यापेक्षा ऑफिसात दर तासाला गोड चहात बिस्कीट बुडवणाऱ्याचे दात जास्त धोक्यात, कारण लाळेला उसंतच मिळत नाही. आणि गूळ, मध नैसर्गिक असले तरी जिवाणूंना त्याचं काय!

‘दुखत नाही, मग डॉक्टरकडे कशाला?’ हा सगळ्यांत महागात पडणारा समज. एनॅमलला संवेदनाच नसते. दुखायला लागतं तोवर कीड आतल्या नसेजवळ पोचलेली असते. लवंगेच्या तेलाने तेवढ्यापुरतं बधिर होतं, भोक बुजत नाही. त्याहून फसवं म्हणजे आठवडाभर ठणकलेली दाढ एकदम शांत होणं. बहुतेक वेळा ती बरी झालेली नसते, आतली नस मेलेली असते आणि मुळाशी पू साठायला मोकळा होतो.

वेळेवर गेलात तर काम छोटं असतं. नुसता खडूसारखा पांढरा डाग असेल तर फ्लोराइडने तो थांबवता येतो, ड्रिल लागत नाही. खड्डा पडला की मात्र तो आपोआप भरत नाही. किडलेला भाग कोरून ‘सिमेंट’ भरावं लागतं. पूर्वी चांदी भरत, तिच्यात जवळपास निम्मा पारा असे. आता दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट निळ्या प्रकाशात घट्ट करतात. नस सडली असेल तर रूट कॅनाल. त्याची धास्ती फार, पण ठणका असतो तो आधीचा. दात बधिर करून मुळांतल्या नळ्या साफ करतात, त्यांत झाडाच्या चिकापासून बनणारा गटापर्चा भरतात. पोकळ झालेली दाढ चावताना फुटू नये म्हणून वर कॅप. आणि दाढ काढायचीच वेळ आली, तर वरची दाढ काढली की नजर अधू होते म्हणतात, तेही खोटं; दृष्टीची नस वेगळी.

शेवटचा समज आईबापांचा: ‘दुधाचेच दात, पडणारच आहेत.’ दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात आणि पक्क्या दातांची जागा राखतात. शिवाय सहाव्या वर्षाच्या सुमाराला त्यांच्या मागे एक दाढ गुपचूप येते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, त्यामुळे घरचे तिलाही दुधाचीच समजतात. ती पक्की असते. पोरगं सहा-सात वर्षांचं असेल, तर आज रात्री बॅटरी लावून त्याला आ करायला सांगा आणि शेवटची दाढ बघा.