ऑक्सिजनवर नजर ठेवणारं जनुक आणि फुफ्फुसाचा कॅन्सर: नातं नक्की काय?

"आमचे आजोबा नव्वदीपर्यंत विड्या ओढत होते, त्यांना काही झालं नाही. सगळं जनुकांवर असतं!" मंडळी, हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. त्यात तथ्य किती, ते पाहूया.

पेशीला ऑक्सिजन कमी झाल्याचं कसं कळतं?

आपल्या पेशींत 'हिफ' नावाचं प्रथिन सतत तयार होत असतं. ऑक्सिजन पुरेसा असेल तर त्याच्यावर एक रासायनिक खूण होते. ती ओळखून 'व्हीएचएल' हे दुसरं प्रथिन हिफला पकडतं आणि काही मिनिटांत त्याची विल्हेवाट लागते. ऑक्सिजन कमी पडला की खूण होत नाही, हिफ साठतं आणि नव्या रक्तवाहिन्या वाढवण्याचे आदेश सुटतात. हे कोडं सोडवणाऱ्या विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना २०१९ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

मग कॅन्सरचा संबंध कुठे आला?

कॅन्सरची गाठ वाढते तसा तिच्या आतल्या पेशींना ऑक्सिजन पुरत नाही. तेव्हा हेच हिफ गाठीला रक्तपुरवठा मिळवून देतं. काही लोकांच्या हिफमध्ये ५८२ व्या जागी प्रोलिनऐवजी सेरिन असतं. प्रयोगशाळेत हे रूप जास्त सक्रिय दिसलं. त्यामुळे अशा लोकांना फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका जास्त असतो का, हे तपासलं गेलं. काही अभ्यासांत संबंध दिसला, काहींत नाही.

खरा धागा भलतीकडेच!

२००८ मध्ये हजारो लोकांची जनुकं तपासली, तेव्हा ठळक धागा सापडला तो १५ व्या गुणसूत्रावर. तिथे निकोटिनला प्रतिसाद देणाऱ्या प्रथिनांची जनुकं आहेत. तिथला फरक असलेले धूम्रपान करणारे लोक सरासरी जास्त सिगारेटी ओढतात. म्हणजे जनुकंही बोट दाखवतात ते बरंचसं धुराकडेच!

सिगारेट ओढणाऱ्यांना फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका १५ ते ३० पट असतो. व्यसन सोडल्यावर दहाएक वर्षांनी या कॅन्सरने मरण्याचा धोका, ओढत राहणाऱ्यांच्या तुलनेत, जवळपास निम्म्यावर येतो. धूम्रपान न करणाऱ्यांनाही हा आजार होतो. दुसऱ्याच्या सिगारेटचा धूर, प्रदूषण आणि रेडॉन वायू ही त्याची काही कारणं. म्हणून खोकला तीन आठवडे थांबला नाही किंवा थुंकीतून रक्त आलं, तर डॉक्टरांना गाठाच.

जनुकं बदलणं आपल्या हातात नाही. हातातली सिगारेट मात्र आहे!