एटीएम कार्डाची मुदत संपली की ऑटो-पेमेंट अडतं. नवं कार्ड आल्यावर काय करायचं?

लातूर/नांदेड : क्लासचं अॅप असो की विम्याचा हप्ता, दर महिन्याला पैसे आपोआप कट होतात आणि एक दिवस अचानक बंद पडतात. खात्यात तर पैसे आहेत! अशा वेळी आधी कार्डावरची तारीख बघा. 06/27 असेल तर ते 30 जून 2027 पर्यंतच चालतं.

बँक नवं कार्ड देते, पण जुनी परवानगी त्याच्यासोबत आपोआप येईल असं धरून चालू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 1 ऑक्टोबर 2022 पासून कंपन्यांना ग्राहकाचा कार्ड नंबर साठवता येत नाही, त्याजागी टोकन असतं. नवं कार्ड त्या कंपनीशी जोडायला तुमची स्पष्ट संमती लागते.

खरी भानगड पुढेच आहे. नवं कार्ड एटीएम आणि दुकानातल्या मशीनवर चालतं, पण ऑनलाइन व्यवहार त्यावर सुरुवातीला बंद असतात. ते बँकेच्या अॅपमधून सुरू करावे लागतात. जमत नसेल तर किनवट, देगलूर, निलंगा, जिथं खातं आहे त्या शाखेत विचारा. हे न केल्यामुळे "नवं कार्ड टाकलं तरी होईना" म्हणत लोक बसतात.

विम्याला उशीर परवडत नाही. जीवन विम्याचा मासिक हप्ता चुकला तर 15 दिवसांची सवलत मिळते, तिमाही ते वार्षिक हप्त्याला 30 दिवसांची. पुढे पॉलिसी बंद पडते. जीवन ज्योतीचे 436 रुपये मात्र थेट खात्यातून जातात, तिथं कार्डाचा संबंध नाही.

क्लास, अभ्यासिका चालवणाऱ्यांनी पेमेंट कशामुळे फेल झालं ते गेटवेच्या रिपोर्टमध्ये बघावं. शिल्लक कमी असेल तर चार दिवसांनी पुन्हा प्रयत्न करता येतो. कार्डाची मुदत संपली असेल तर दहादा करूनही उपयोग नाही, पालकांना फोनच लावावा लागतो. ऐन नीटच्या तयारीत पोराचं लॉगिन लगेच बंद करणं बरं नव्हे. हा पालक पैसे बुडवणारा नाही, त्याचं कार्ड जुनं झालंय. यूपीआय ऑटोपे घेतलं तर हा प्रश्नच येत नाही, कारण ते बँक खात्याला जोडलेलं असतं.

"कार्ड बंद होणार, लिंकवर क्लिक करा" असा मेसेज आला तर लिंक उघडू नका. पैसे गेलेच तर लगेच 1930 वर फोन करा.